शिक्षेचं विधेयक आलं की ते वाचायचं कसं

कोर्ट, जज, जामीन, शिक्षा, जेल यातल्या कशावरही नवीन विधेयक आलं की पहिल्या दिवशी टीव्हीवर एकच आकडा फिरतो, आता फाशी, आता दहा वर्षं, आता ३० दिवसांत निकाल, आणि मग आपण सगळे दोन दिवस त्या आकड्यावर भांडत बसतो. माझं म्हणणं असं की तो आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी हे शोधा की निर्णय कोणाच्या हातातून काढलाय आणि कोणाच्या हातात दिलाय. जजकडून काढून कायद्यातच बांधून टाकलाय का, पोलीस अधिकाऱ्याकडे गेलाय का, सरकारने नेमलेल्या मंडळाकडे गेलाय का, की गुपचूप जेलच्या नियमांत ढकललाय. हा एक प्रश्न धरून बसलात तर लॉ न करताही निम्मं विधेयक कळतं. उरलेलं निम्मं बऱ्याच वकिलांनाही कळलेलं नसतं, त्यामुळे टेन्शन नको.

आधी कागद कुठला हातात आहे ते बघा

बातमीवरून विधेयक वाचू नका, मूळ पीडीएफ काढा. केंद्राचं असेल तर संसदेच्या वेबसाइटवर मिळतं, राज्याचं असेल तर विधानमंडळाच्या वेबसाइटवर आणि राजपत्रात. पण पीडीएफ मिळाली म्हणजे काम झालं असं नाही, ती कुठल्या टप्प्यावरची आहे हे वर लिहिलेलं असतं ते वाचा. सादर झालेली वेगळी, समितीने बदललेली वेगळी, मंजूर झालेली वेगळी.

हे का सांगतोय, तर भारतीय न्याय संहितेचं (जुन्या दंडसंहितेच्या म्हणजे आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं) उदाहरण घ्या. पहिलं विधेयक ११ ऑगस्ट २०२३ ला लोकसभेत आलं, गृह खात्याच्या स्थायी समितीकडे गेलं, नोव्हेंबरमध्ये समितीचा अहवाल आला, मग सरकारने ते विधेयक मागेच घेतलं आणि १२ डिसेंबरला नवीन आणलं, २० ला लोकसभेत आणि २१ ला राज्यसभेत पास, २५ ला राष्ट्रपतींची सही. ऑगस्टच्या मसुद्यात झुंडीने केलेल्या हत्येला फाशी, जन्मठेप किंवा कमीत कमी सात वर्षं अशी शिक्षा होती. डिसेंबरच्या मसुद्यात ते सात वर्षंवालं उडालं, फक्त फाशी किंवा जन्मठेप राहिली. म्हणजे पाच किंवा जास्त माणसांच्या जमावात ज्याने मारलं तो आणि जो कडेला उभा राहून ओरडत होता तो, यांच्यात फरक करायला जजकडे जी जागा होती ती गेली. आता ही जागा असावी की नसावी यावर दोन मतं असू शकतात, पण आजही लोक ऑगस्टच्या बातमीची लिंक टाकून सात वर्षांवरून वाद घालताना दिसतात.

राज्याचं विधेयक असेल तर मराठी आणि इंग्रजी दोन्ही प्रती शेजारी उघडा. मराठीत एखादं वाक्य अडलं की इंग्रजीत बघा आणि उलटही करा, कारण मराठी प्रतीतली वाक्यं कधीकधी अर्ध्या पानाची असतात आणि क्रियापद शोधेपर्यंत चहा थंड होतो.

शेवटून सुरुवात करा

विधेयकाच्या शेवटी उद्देश व कारणे यांचं निवेदन असतं, खर्चाचं ज्ञापन असतं, आणि नियम करायचे अधिकार कोणाला दिलेत त्याचं वेगळं ज्ञापन असतं. उद्देशाचं पान सरकारची बाजू म्हणून वाचा, एकदाच. नियमांचं ज्ञापन मात्र पेन घेऊन वाचा, कारण "विहित करण्यात येईल त्याप्रमाणे" असं जिथे जिथे आलंय तिथली खरी गोष्ट अजून लिहिलेलीच नाहीये, ती नंतर खात्यात बसून लिहिली जाणार आणि तेव्हा ना समिती असणार ना चर्चा.

जेलच्या बाबतीत तर हे फारच आहे. माणूस प्रत्यक्षात आत किती दिवस राहणार हे फक्त शिक्षेच्या कलमावर ठरत नाही, माफी (शिक्षेतली सूट) किती मिळते, फर्लो (ठरावीक काळाने मिळणारी सुट्टी) कधी, पॅरोल (अडचणीसाठी मिळणारी सुट्टी) कशासाठी, यावरही ठरतं. आणि आपल्याकडे ही फर्लो-पॅरोलची सगळी गणितं कायद्यात नाहीत तर नियमांत वाढलेली आहेत, ज्यात दुरुस्त्या होतात आणि बाहेर कोणाला पत्ताही लागत नाही. त्यामुळे तुरुंगाचं विधेयक वाचताना कैद्यांच्या सुधारणेवरची गोड वाक्यं सोडा, सुट्टी आणि माफी कोण देणार, नाकारली तर कोणाकडे जायचं, कारण लेखी मिळणार का, एवढं बघा.

"पर्यंत" आणि "पेक्षा कमी नाही"

शिक्षेच्या कलमात हे दोन तुकडे म्हणजे जवळजवळ सगळं. "तीन वर्षांपर्यंत" असेल तर जज एक दिवसही देऊ शकतो. "सात वर्षांपेक्षा कमी नाही" असेल तर समोरचा माणूस कसाही असो, खाली येता येत नाही. पूर्वी बलात्काराच्या कलमात किमान शिक्षा होती पण "पुरेशी आणि विशेष कारणं" लिहून जज त्याखाली येऊ शकत होते. २०१३ च्या दुरुस्तीत ती सवलत काढली. ती काढायला सबळ कारणंही होती, काही निकालांत त्या सवलतीचा वापर बघून लोकांचा संताप झाला होता तो उगाच नव्हता. तरीही विधेयक वाचताना "इथे एक ओळ कमी झालीय" हे तुम्हाला दिसलं पाहिजे, आवडो न आवडो.

आणि पर्यायच ठेवला नसेल तर लगेच लाल पेन. जुन्या दंडसंहितेत कलम ३०३ होतं, जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला तर फाशीच, दुसरं काही नाही. सुप्रीम कोर्टाने १९८३ मध्ये मिठू खटल्यात ते घटनाबाह्य ठरवलं. तरी सक्तीची फाशी इतर कायद्यांत येतच राहिली. ड्रग्जच्या कायद्यात दुसऱ्यांदा दोषी ठरलं की ठरावीक प्रकरणांत फाशीच, अशी तरतूद होती, तिथे २०११ मध्ये आपल्या मुंबई हायकोर्टाने सांगितलं की "च" चालणार नाही, जजला पर्याय असलाच पाहिजे, आणि २०१४ मध्ये संसदेने कायदाच तसा बदलला. म्हणून अशी तरतूद दिसली तर "हे १९८३ पासून चालत नाही" एवढं एक वाक्य तुमच्या हरकतीत पुरतं.

जन्मठेप दिसली तर पुढचे शब्द वाचा. काही कलमांत आता "उर्वरित नैसर्गिक आयुष्यभर" असं स्पष्ट लिहितात, काहींत नुसतं जन्मठेप. दोन्ही सारखं नाहीये. साध्या जन्मठेपेत चौदा वर्षांनंतर सुटकेचा विचार होऊ शकतो (हक्क नाही, विचार), पहिल्यात तो रस्ता कायद्यानेच बुजवत आणलाय.

एखादी तरतूद उचलून आणली असेल तर काय मागे ठेवलं ते बघा

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. आपला मोक्का सगळ्यांना माहितीये, महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, १९९९ चा. त्यातली संघटित गुन्हेगारीची व्याख्या, दहा वर्षांत एकापेक्षा जास्त आरोपपत्रं असणं वगैरे, ती बरीचशी न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये आलीय आणि शिक्षाही जबर आहे, मृत्यू झाला असेल तर फाशी किंवा जन्मठेप, इतर वेळी कमीत कमी पाच वर्षं आणि दंड पाच लाखांपासून पुढे. ठीक. आता मोक्का उघडा आणि कलम २३ वाचा. तिथे लिहिलंय की डीआयजी (पोलीस उपमहानिरीक्षक) दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी मंजुरी असल्याशिवाय मोक्काखाली गुन्हा नोंदवायचाच नाही, आणि अतिरिक्त महासंचालकाच्या परवानगीशिवाय कोर्टाने दखल घ्यायची नाही. म्हणजे पोलीस ठाण्यातल्या साहेबांना राग आला म्हणून मोक्का लागत नाही, निदान कागदावर तरी. कलम १११ मध्ये हे कुलूप आलंच नाही. दहशतवादाच्या कलम ११३ मध्ये निदान एवढं आहे की गुन्हा त्या कलमाखाली नोंदवायचा की यूएपीएखाली (केंद्राच्या दहशतवादविरोधी कायद्याखाली) हे एसपी (पोलीस अधीक्षक) किंवा वरचा अधिकारी ठरवेल. १११ मध्ये तेवढंही नाही.

हे शोधायला काही हुशारी लागत नाही. कागदावर तीन रकाने आखा, जुन्या कायद्यातलं कलम, नवीन खंड (विधेयकात खंड म्हणतात, कायदा झाला की कलम), आणि तिसऱ्यात फक्त "गेलं काय". नवीन काय आलं ते सरकार स्वतःच जाहिरात करून सांगतं, गेलं काय ते आपल्यालाच शोधावं लागतं. मोठ्या संहितांचे जुनं-नवं कलम जुळवणारे तक्ते ऑनलाइन मिळतात, बीपीआरडीनेही (केंद्राच्या पोलीस संशोधन संस्थेनेही) काढलेत, पण तक्ता फक्त नंबर जुळवतो, मजकूर तुम्हालाच जुळवायचाय.

पोटकलम (१) वाचून टाळ्या वाजवू नका

नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम ४७९ हातात घ्या. कच्च्या कैद्यांबद्दल, म्हणजे खटला संपायच्या आधीच आत असलेल्यांबद्दल आहे. देशातल्या जेलमध्ये २०२२ च्या एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) आकडेवारीप्रमाणे ५.७३ लाख माणसं होती, त्यातले ७५.८ टक्के कच्चे कैदी, आणि जेल क्षमतेच्या १३१.४ टक्के भरलेले, त्यामुळे हे कलम फार लोकांच्या आयुष्याचं आहे. पोटकलम (१) म्हणतं, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला असेल तर जामिनावर सोडा, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ पुरे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून. सीआरपीसीच्या जुन्या कलम ४३६अ मध्ये सरसकट निम्मा होता, म्हणजे सुधारणा झाली, बातम्याही तशाच आल्या. सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये हेही सांगितलं की ही संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली त्याच्या आधीच्या केसेसमधल्या कच्च्या कैद्यांनाही याचा फायदा मिळेल.

मग पोटकलम (२) येतं. त्या माणसावर एकापेक्षा जास्त गुन्ह्यांचा तपास किंवा खटला चालू असेल किंवा एकापेक्षा जास्त केसेस असतील तर कोर्टाने त्याला या कलमाखाली सोडायचं नाही. आता तुम्ही कुठलीही एफआयआर काढून बघा, एकच कलम लावलेली किती सापडतात? मारामारी असली तरी दुखापत, शिवीगाळ, धमकी, बेकायदा जमाव अशी चार-पाच कलमं एकत्र लागलेली असतात. म्हणजे (१) ने दिलं आणि (२) चा अक्षरशः अर्थ लावला तर बऱ्याच जणांकडून परत घेतलं. इथे हात बदलला तो असा, की जामीन मिळणार का हे एफआयआरमध्ये किती कलमं घातली त्यावर, म्हणजे लिहिणाऱ्या हवालदारावर ठरू शकतं.

म्हणून "परंतु", "या कलमात काहीही अंतर्भूत असले तरी", "च्या अधीन राहून" हे तीन शब्दप्रयोग पीडीएफमध्ये सर्च करा आणि प्रत्येक ठिकाणी थांबा.

मुदती

तपास इतक्या दिवसांत, निकाल तितक्या दिवसांत. प्रत्येक मुदतीला एकच प्रश्न विचारा, नाही पाळली तर काय होईल? जामीन मिळेल का, अधिकाऱ्यावर काही कारवाई का, की काहीच नाही? युक्तिवाद संपल्यावर ३० दिवसांत निकाल, कारणं नोंदवून ४५ पर्यंत, असं नागरिक सुरक्षा संहितेत आहे, छान आहे, पण ४६ व्या दिवशी काय ते त्या कलमात शोधून सापडत नाही. स्त्रिया आणि मुलांवरच्या अत्याचारांसाठीच्या आपल्या शक्ती विधेयकात, डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या, तपास कामकाजाच्या १५ दिवसांत आणि खटला कामकाजाच्या ३० दिवसांत असं होतं, संयुक्त समितीत बसल्यावर तपासाची मुदत वाढली, कारण फॉरेन्सिक लॅबचा रिपोर्टच तेवढ्यात येत नाही हे कोणालातरी सांगावं लागलं असणार. मुदतीच्या शेजारी खर्चाचं ज्ञापन ठेवा. विशेष न्यायालयं म्हटलंय पण नवीन जजची पदं, स्टेनो, सरकारी वकील, जागा यांचे पैसे दिसत नसतील तर आहे त्याच जजच्या बोर्डावर अजून एक पाटी लागणार, बाकी काही नाही.

जजच्या नेमणुकीचं विधेयक असेल तर

इथे शिक्षा नसते म्हणून लोक कंटाळतात, पण प्रश्न तोच. नाव कोण सुचवणार, कोण अडवू शकतो, मुदत किती, पगार कोण ठरवणार, काढणार कोण.

२०१४ चं न्यायिक नियुक्ती आयोगाचं प्रकरण यासाठी उत्तम आहे. ९९ वी घटनादुरुस्ती आणि सोबत एक साधा कायदा असे दोन कागद होते. सहा जणांचा आयोग, सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती, कायदामंत्री आणि दोन "नामवंत व्यक्ती". ऐकायला बरोबरीचं वाटतं, तीन जज आणि तीन बाहेरचे. पण साध्या कायद्यात एक ओळ होती की कुठल्याही दोन सदस्यांचा विरोध असेल तर नाव पुढे जाणार नाही. आणि नामवंत म्हणजे कोण, कायद्याचं काही कळायला हवं का, याची व्याख्याच नव्हती. म्हणजे तिन्ही जज एका नावावर ठाम असले तरी दोन नामवंत ते अडवू शकत होते. १६ ऑक्टोबर २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध १ ने दोन्ही कागद रद्द केले. मला स्वतःला कॉलेजियमचं (जजच जज निवडतात त्या पद्धतीचं) बंद दाराआडचं कामही पटत नाही, पण आयोगाची बाजू घेणाऱ्या किती जणांनी तो दुसरा कागद उघडला होता याची शंकाच आहे. दोन विधेयकं जोडीने आली तर बारीक असतं तेच आधी वाचा.

शिवाय कोर्टाने आधी रद्द केलेलंच परत आणलंय का ते बघा. ट्रिब्युनलच्या सदस्यांची मुदत चार वर्षं आणि वय किमान ५० ही अट जुलै २०२१ मध्ये कोर्टाने उडवली, ऑगस्टमध्ये संसदेने जवळपास तीच अट कायद्यात घातली, नोव्हेंबर २०२५ मध्ये ती परत उडाली. मधल्या चार वर्षांत ज्यांच्या केसेस अडकल्या त्यांचं काय, हा हिशोब कोणी ठेवत नाही.

हरकत लिहायची असेल तर

केंद्राचं २०१४ चं धोरण आहे की मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, पण ते बंधनकारक नाही आणि सोयीने विसरलं जातं. विधेयक समितीकडे गेलं तर संधी येते. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी १२ हजारांहून जास्त सूचना-हरकती आल्या आणि जुलै २०२५ मध्ये ते पास होताना ठळक बदल झाले ते तीन, संघटनांबद्दलची शब्दरचना जहाल डाव्या किंवा तत्सम संघटनांपुरती केली, सल्लागार मंडळाची रचना बदलली, आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे दिला. तिन्ही बदल कुठल्या ना कुठल्या ठरावीक ओळींतले आहेत हे लक्षात घ्या. "हा काळा कायदा मागे घ्या" असं पत्र पाठवायचा हक्क आहेच, जरूर पाठवा, पण त्याच पाकिटात दुसरा कागदही घाला. त्यावर खंडाचा नंबर, आत्ताचा मजकूर जसाच्या तसा, तुम्हाला हवा तो मजकूर, आणि चार ओळींत कारण, शक्य असेल तर एखाद्या निकालाचं नाव. एका पानावर एकच खंड. समितीचा कारकून खंडवार फाइल लावतो, तुमचं दहा पानी निबंधासारखं पत्र तो कुठल्या फाइलला लावणार.

समितीचा अहवाल आला की आधी मागची पानं उघडा, भिन्न मतपत्रिका तिथे असतात. विरोधी सदस्यांनी जे लिहिलेलं असतं त्यात राजकारण असतंच, पण आपल्या नजरेतून सुटलेले दोन-तीन खंड तिथे हमखास सापडतात.

पास झालं तरी फाइल बंद करू नका

राज्याने केंद्राच्या फौजदारी कायद्यात बदल केला आणि तो केंद्राच्या कायद्याशी जुळत नसेल तर घटनेच्या कलम २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते. शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर होऊनही तिथेच अडकलं आणि कायदा झालंच नाही, तरी आजही "शक्ती कायद्याखाली गुन्हा दाखल करा" अशी मागणी ऐकू येते.

आणि कायदा झाला तरी कलम १ मध्ये अंमल कधीपासून ते लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा "सरकार अधिसूचनेने ठरवेल त्या दिवशी", आणि वेगवेगळ्या तरतुदींना वेगवेगळी तारीख देता येते. अपघातात जीव घेऊन न कळवता पळून जाणाऱ्या ड्रायव्हरला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचं न्याय संहितेचं कलम १०६(२) आठवत असेल, जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला ट्रकवाल्यांनी चक्का जाम केला, मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोतून टँकर निघेनात आणि पंपांवर रात्रीपर्यंत रांगा. फेब्रुवारीत अधिसूचना निघाली की संहिता १ जुलैपासून लागू, १०६(२) सोडून. पुस्तकात कलम छापलेलं आहे, पण त्या अधिसूचनेने ते लागू झालेलं नाही. तेव्हा कुठल्याही शिक्षेचा आकडा कोणाला सांगण्याआधी राजपत्रात त्याची तारीख बघा, आणि गुन्ह्याचीही तारीख बघा, कारण गुन्हा घडला त्या दिवशी जी शिक्षा होती त्यापेक्षा जास्त देता येत नाही, हे घटनेच्या कलम २०(१) मध्येच आहे.